पोटाचं ऑपरेशन शहरात, पुढची वर्षं गावात: आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय: लठ्ठपणा आणि टाइप 2 मधुमेहावरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया विदर्भातल्या गरीब रुग्णाला शासकीय रुग्णालयात नियमित मिळाव्यात आणि त्यानंतरची देखभाल गावाजवळ व्हावी, याबाबत.

महोदय, महोदया,

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पट्ट्यात दवाखाना चालवतो. कापूस, तूर, सोयाबीनचा हा भाग. तापाचे, साप चावलेले, फवारणीत विषबाधा झालेले पेशंट येतात, तसे आता रोज शुगरचेही येतात. त्यांच्यातले बरेच जण हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. एका बाईनं तो असा विचारला: “साहेब, पोटाचं ऑपरेशन केलं का शुगर जाते म्हणते, मोबाईलवर दाखवते. खरं हाय का? अन् आपल्या कार्डावर होते का ते?”

शुगर जाते का, हे मी तिला सांगू शकतो. कार्डावर, म्हणजे शासकीय आरोग्य योजनेतून, कोणाचं, कुठे आणि कोणत्या अटींवर व्हावं, हे ठरवणं आपल्या हातात आहे. म्हणून हे पत्र आपल्याला आणि उघडपणे लिहितो आहे, कारण ते माझ्या पेशंटनाही वाचता यावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ही शस्त्रक्रिया गरिबालाही मिळाली पाहिजे, आणि शासकीय रुग्णालयात मिळाली पाहिजे. पण ज्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला तिच्यानंतरची देखभाल शिकवलेली नाही, त्या भागातल्या माणसावर ती करू नये. या दोन्ही गोष्टी एकाच शासन निर्णयात याव्यात. पहिली दुसरीवाचून आली तर काय होतं, ते मी पाहिलं आहे आणि पुढे लिहिणार आहे.

मधुमेह हा बसून खाणाऱ्यांचा आजार, ही समजूत आमच्याकडे केव्हाच मोडली. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना, म्हणजे 10 कोटींहून जास्त माणसांना मधुमेह आहे आणि 39.5 टक्के लोकांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे, असं त्यात दिसलं. आमच्या वावरांतून ज्वारी गेली, तिच्या जागी सोयाबीन आलं, आणि ताटात भाकरीच्या जागी रेशनचा तांदूळ आला. गोड चहा दिवसातून किती वेळा होतो, याची कुणी मोजदाद ठेवत नाही. निंदण-खुरपणाची मजुरी तणनाशकानं कमी केली. घराघरातल्या चाळिशीच्या बाया आता गुडघे धरून उठतात आणि तपासलं की शुगर तीनशेच्या वर निघते.

आता ऑपरेशनबद्दल. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट फाडत नाहीत. पोटावर अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची चार-पाच छिद्रं पाडून त्यातून कॅमेरा आणि हत्यारं आत घालतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाचा लहानसा कप्पा वेगळा करून तो लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीला शिवतच नाही. जेवण कमी जातं म्हणून वजन उतरतं, हे खरंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथून जीएलपी-1सारखी संप्रेरकं जास्त सुटतात, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला जोर मिळतो, यकृतातली चरबी उतरते. म्हणून बायपासनंतर बऱ्याच पेशंटची शुगर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते.

किती जणांची? अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये 150 पेशंटवर झालेल्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीचे पाच वर्षांचे निकाल 2017 मध्ये आले. तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीए1सी, 6 टक्के किंवा त्याखाली आणायची, असं उद्दिष्ट होतं. फक्त औषधांवरच्या पेशंटपैकी 5 टक्के तिथवर पोचले, स्लीव्ह झालेल्यांपैकी 23 टक्के, बायपास झालेल्यांपैकी 29 टक्के. स्वीडनमधली पाहणी याहून मोठी आणि लांब पल्ल्याची. तिच्यात जुन्या पद्धतीची ऑपरेशनंच जास्त होती. ऑपरेशननंतर दोन वर्षांनी मधुमेह ओसरलेल्यांचं प्रमाण 72 टक्के होतं, पंधरा वर्षांनी ते 30 टक्क्यांवर आलं. ऑपरेशन न झालेल्यांत पंधराव्या वर्षी ते साडेसहा टक्के होतं. फायदा मोठा आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्यांची शुगर पूर्ण जात नाही, त्यांच्याही गोळ्या आणि इन्सुलिन बरंच कमी होतं. पण मोबाईलवर दिसतात ती पहिल्या दोन वर्षांतली माणसं. उरलेली तेरा वर्षं आमच्याकडे असतात.

त्या उरलेल्या वर्षांची सुरुवात कशी होऊ शकते, ते सांगतो. आमच्या भागातली एक बाई, चाळिशीच्या आतबाहेरची, वजन 104 किलो, तीन प्रकारच्या गोळ्यांवरही शुगर आटोक्यात नाही. भावानं वावर गहाण टाकलं आणि शहरातल्या एका खाजगी रुग्णालयात तिचं स्लीव्हचं ऑपरेशन करून आणलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. टाके कोरडे, शुगर उतरलेली, घरचे खूश. दोन महिने होत आले तेव्हा उलट्या सुरू झाल्या, पाणीही ठरेना. अशक्तपणा आला की आमच्याकडे आधी सलाईन लावतात. तिलाही शेजारच्या गावात ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या. माझ्याकडे आणली तेव्हा ती भिंत धरून चालत होती, डोळ्यांची बुबुळं थरथरत होती, आणि सोबत कोण आलंय असं विचारलं तर भावाकडे बघत भलतंच नाव सांगत होती.

पिशवीत फाईल होती. डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं होतं: एक आठवडा, एक महिना, तीन महिने, सहा महिने, मग दरवर्षी तपासणी. महिन्याची तपासणी चुकली होती, कारण तेव्हा कापूस वेचणीला आला होता. नागपूर इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, जाऊन यायचं म्हणजे दोघांची मजुरी बुडते आणि वर तिकिटाचे पैसे. त्याच कार्डावर खाली जीवनसत्त्वांच्या गोळ्या लिहिल्या होत्या. त्या पंधरा दिवसांत संपल्या आणि पुन्हा आणल्याच नव्हत्या. बरं वाटत होतं, मग कशाला आणायच्या?

तिच्या मेंदूवर परिणाम झाला होता तो थायमिनच्या, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाच्या तुटवड्यानं. शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. खाणं कमी आणि त्यात उलट्या, म्हणजे तो भरून निघत नाही. अशा पेशंटला थायमिन न देता ग्लुकोज चढवलं की उरलासुरला साठा ते ग्लुकोज जाळण्यात संपतो आणि मेंदूला इजा होते. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज, एवढा क्रम सांभाळायचा असतो. आम्ही थायमिन देऊन तिला वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. ती वाचली. तोल मात्र पूर्ण सावरला नाही. बंडीत चढताना आजही तिला कुणाचा तरी हात लागतो.

सर्जनचा हात चुकला नव्हता. सलाईन लावणाऱ्यानं नेहमी करतो तेच केलं, कारण ही बाई वेगळी आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मला आपल्याला सांगायचं आहे ते हेच: या ऑपरेशनमधले महत्त्वाचे धोके ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, महिन्यांनी आणि वर्षांनी, गावातल्या दवाखान्यात उभे राहतात, आणि तिथला डॉक्टर, नर्स, उपकेंद्रातला सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) त्यांना ओळखत नाहीत.

थायमिनचं एक झालं. बायपास झालेला माणूस अंग दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची सुई घेतो, आमच्याकडे वखरणी-डवरणीच्या दिवसांत ती सर्रास घेतली जाते, आणि जठर-आतड्याच्या जोडावर अल्सर होऊन रक्त जातं. विडी-सिगारेटनंही तोच अल्सर होतो. तंबाखू-सुपारीचा खर्राही ऑपरेशनच्या आधीच सुटायला हवा. शुगर उतरल्यावरही जुन्या चिठ्ठीवरची ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू राहिली तर माणूस वावरातच शुगर कमी होऊन पडतो. बायपासनंतर वर्षा-दोन वर्षांनी अचानक पोटात जीवघेणी कळ आली तर ते आतड्याला आतल्या आत पीळ पडल्याचं लक्षण असू शकतं. त्याला गॅसची गोळी देऊन घरी पाठवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. लोह, बी-12, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ही आयुष्यभराची गरज होते. ज्या बायांचं हिमोग्लोबिन आधीच नऊच्या आसपास, त्यांचं ऑपरेशननंतर काय होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरुण बाईचं वजन उतरलं की थांबलेली पाळी परत येते, दिवसही लवकर राहतात. पण ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायचं असतं आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. हे त्या बाईला कोण सांगणार? आशाताईच सांगू शकते. पण तिला आधी कुणी सांगितलं पाहिजे.

हे अशक्य आहे असं म्हणू नका. याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यानं बाळांचे मृत्यू किती कमी होतात, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे आलं, आणि पुढे तीच रीत आशाताईंच्या गृहभेटींच्या रूपानं देशभर गेली. नवजात बाळाचा श्वास मोजायला शिकलेल्या बायांना उलट्या, चक्कर, सुन्न पाय आणि पोटातली कळ या चार खुणा ओळखणं जड जाणार नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरून कंबर मोजायचं काम त्या आजही करतातच. त्या कामाचा मोबदला मात्र वेळेवर आणि पुरेसा द्या. बिनमोबदल्याच्या कामांचं ओझं त्यांच्यावर आधीच फार आहे.

म्हणून मागणी अशी. ज्या वैद्यकीय महाविद्यालयात हे ऑपरेशन होईल, त्यानं डिस्चार्जच्या आधी पेशंटच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करून त्याचं नाव नोंदवावं. पेशंटच्या हातात मराठीत छापलेलं जाड कार्ड द्यावं. त्याच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहावं: ‘माझं पोटाचं ऑपरेशन झालं आहे. उलट्या होत असतील तर आधी थायमिन द्या, मग ग्लुकोज. डायक्लोफेनॅक देऊ नका.’ जीवनसत्त्वांच्या गोळ्या, थायमिन आणि बी-12ची इंजेक्शनं आरोग्य केंद्राच्या नियमित औषधसाठ्यात असावीत. रक्ततपासणीसाठी नमुना गावाजवळ घेऊन जिल्ह्याला पाठवावा, माणसाला नागपूरला पाठवू नये. साधा सल्ला ई-संजीवनी या शासनाच्या ऑनलाइन सेवेवरून देता येतो, ती सोय आहेच. योजनेचं पॅकेज भरतीपासून डिस्चार्जनंतरच्या काही दिवसांपर्यंत बांधलेलं असतं. या ऑपरेशनला निदान पाच वर्षांच्या तपासण्या आणि औषधं त्याच पॅकेजमध्ये हवीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये पूर्वीच्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली आणि अमरावती होते. मग हा प्रयोगही विदर्भापासूनच सुरू करायला काय हरकत आहे?

खाण्याचा प्रश्न आणखी अवघड आहे, आणि शहरातल्या आहारतज्ज्ञांच्या कागदावर तो दिसत नाही. ऑपरेशननंतर दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जावी लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत बावीसच्या आसपास, पण जठर एवढंसं झालेलं असताना शंभर ग्रॅम डाळीचं वरण एका दिवसात जाणार कसं? डब्यातल्या प्रथिनांच्या पावडरी आमच्या लोकांच्या आवाक्यातल्या नाहीत. रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि अंडं, दूध पोरांच्या नाहीतर पुरुषांच्या वाट्याला जातं. क्षयरोगाच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेत दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर 2024 पासून 500 वरून 1000 रुपये झाली. तशीच मदत या पेशंटला पहिलं वर्षभर तिच्या स्वतःच्या खात्यात मिळाली पाहिजे. आणि आहाराचा तक्ता फुटाणे, शेंगदाणे, अंडी, ताक, मुगाचं धिरडं, डाळीचं घट्ट वरण यांचा करावा. तो करायला सेवाग्रामच्या, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतली मंडळी समर्थ आहेत.

पूर्व विदर्भासाठी एक गोष्ट मी हट्टानं मांडतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि आमच्याकडचा झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवड्याचा भाग, इथे सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या पेशंटमध्ये लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए1सी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. नुसता वाहक असला तरी काही यंत्रांवर आकडा चुकतो. उलट लोहाच्या कमतरतेनं तोच आकडा फुगलेला दिसू शकतो. ऑपरेशनची निवड आणि त्याचं यश, दोन्ही ज्या एका आकड्यावर मोजायचं, तोच आमच्याकडे फसवा ठरू शकतो. म्हणून इथल्या प्रत्येक पेशंटची आधी सिकलसेलची तपासणी करावी आणि उपाशीपोटीच्या व जेवणानंतरच्या शुगरवरूनही निर्णय घ्यावा. सिकलसेलचा आजार असलेल्याला भूल देताना शरीरात पाणी कमी पडलं, थंडी लागली, ऑक्सिजन उतरला, तर जिवावर बेतू शकतं. परदेशातली किंवा पुण्या-मुंबईची नियमावली जशीच्या तशी आणली तर त्यात या गोष्टीचा पुरेसा विचार असेलच असं नाही.

ऑपरेशन कोणाचं करायचं, यावर मी सावध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय माणूस वजनानं कमी असूनही त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते. आपली बाळं जन्मतःच तशी असतात. माझ्याकडे येणारे शुगरचे कितीतरी मजूर किडकिडीत आहेत. ते ऑपरेशन मागतात तेव्हा मला त्यांना नाही म्हणावं लागतं, आणि ते ऐकून घेतात कारण मी ओळखीचा आहे. पोटावर पैसा करणाऱ्या ठिकाणी त्यांना नाही म्हणणारं कुणी असेलच असं नाही. विमा नियामकाच्या अटींत बीएमआय (उंचीच्या मानानं वजन मोजायचा आकडा) 40, किंवा 35 आणि सोबत आटोक्यात नसलेल्या टाइप 2 मधुमेहासारखा गंभीर आजार, अशी रेषा आहे. सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2022 मध्ये आशियाई लोकांसाठी ती 27.5 पर्यंत खाली आणायला सुचवलं. दीड मीटर उंचीच्या बाईच्या हिशोबानं 35 म्हणजे जवळपास 79 किलो आणि 27.5 म्हणजे 62 किलो. शासकीय योजनेनं सुरुवात वरच्या रेषेपासून करावी आणि देखभालीची घडी बसल्यावर हळूहळू खाली यावं, असं माझं मत आहे. पण एकदा आत घेतलेल्या पेशंटला वाट पाहायला लावू नये. मधुमेह नवा असताना, इन्सुलिन सुरू व्हायच्या आधी ऑपरेशन झालं तर तो ओसरण्याची शक्यता जास्त असते. दहा-बारा वर्षांनी स्वादुपिंड थकलं की तेच ऑपरेशन तेवढं देत नाही.

आणि सुरीच्या आधी जेवण. ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली, तीही माझ्यासारख्या साध्या दवाखान्यांतून. पेशंटना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींच्या आत ठेवलं, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षाच्या शेवटी 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता, दोन वर्षांनी 36 टक्के लोकांचा. ते सगळे सहा वर्षांच्या आत निदान झालेले आणि इन्सुलिन न घेणारे होते. हे देखरेखीशिवाय करू नये, गोळ्या कमी कराव्या लागतात. पण ऑपरेशनचा विचार होण्याआधी प्रत्येक पेशंटला ही संधी मिळाली पाहिजे, आणि ती तालुक्याच्या ठिकाणी मिळाली पाहिजे. तिथे वजन टिकलं नाही तर ऑपरेशनची वाट मोकळी असावी. ‘तुझाच तोंडावर ताबा नाही’ असं म्हणून कुणाला परत पाठवू नये. वजन उतरलं की शरीर भूक वाढवून ते परत मिळवायला झटतं. तो त्या माणसाचा आळस नसतो.

छिद्रंही न पाडता, तोंडातून दुर्बीण घालून करायचे उपायही आता निघाले आहेत, त्यांच्याबद्दल थोडंच लिहितो. जठर आतून टाके घालून लहान करण्याची पद्धत मला आश्वासक वाटते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मेरिट’ चाचणीत तिनं वर्षभरात वजन सरासरी 13.6 टक्क्यांनी उतरलं. सर्जरीपेक्षा हे कमी आहे, पण धोकाही कमी. विदर्भात एखाद्या शासकीय सुपरस्पेशालिटी रुग्णालयात ती शिकून, नीट नोंदी ठेवून करावी. जठरात ठेवायचा पाण्याचा फुगा मात्र योजनेत आणू नये. तो सहा महिन्यांत काढावा लागतो, काढल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत चढतं, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये अशा फुग्यांनंतर झालेल्या मृत्यूंबाबत डॉक्टरांना सावध केलं होतं. ज्याला फुगा काढायला परत येणं जमणार नाही, त्याच्या पोटात तो ठेवणं गैर आहे. आतड्याच्या सुरुवातीला आतून नळीचं अस्तर बसवण्याचा प्रयोगही झाला होता. यकृतात गळवं होऊ लागली म्हणून अमेरिकेतली चाचणी 2015 मध्ये थांबवावी लागली. नवं तंत्र आलं की आधी चांगल्या नोंदी असलेल्या ठिकाणी वापरावं. गरीब पेशंट हा त्याच्या सरावाचं साधन होऊ नये.

शिबिरं तर अजिबात नकोत. आमच्या गावांत दुर्बिणीचं ऑपरेशन नवं नाही, कुटुंबनियोजनाची ऑपरेशनं त्याच पद्धतीनं वर्षानुवर्षं झाली आहेत, आणि उद्दिष्ट डोक्यावर घेऊन घाईनं केलेल्या ऑपरेशनचं काय होतं हेही देशानं पाहिलं. 2014 मध्ये शेजारच्या छत्तीसगडात, बिलासपूर जिल्ह्यात, नसबंदी शिबिरानंतर डझनाहून जास्त बाया दगावल्या. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. म्हणून या ऑपरेशनला जिल्हावार उद्दिष्ट देऊ नका, मंत्रिमहोदयांच्या हस्ते उद्घाटन होणारं ‘लठ्ठपणा मुक्ती शिबिर’ भरवू नका. एका पेशंटची तयारी दोन-तीन महिन्यांची असते: भूलतज्ज्ञाची तपासणी, झोपेत श्वास अडकतो का ते पाहणं, तंबाखू सोडवणं, मनाची तयारी. ती टाळून केलेलं ऑपरेशन आम्हाला नको.

शासकीय रुग्णालयाला हे झेपणार नाही, असं कुणी म्हणेल. पित्ताशयाची देशातली पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया 1990 मध्ये डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली, ती शासकीयच होती. आज यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नागपुरात मेडिकल, मेयो आणि एम्स आहेत. सगळीकडे एकदम सुरू करा असं मी म्हणत नाही. दोन ठिकाणी करा, पण तिथे सर्जन, भूलतज्ज्ञ, फिजिशियन, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक अशी कायमची टीम ठेवा, आणि तिची बदली दर दोन वर्षांनी करू नका. प्रत्येक पेशंटचं पुढे काय झालं, किती जणांची शुगर परत आली, किती जण तपासणीला आलेच नाहीत, किती दगावले, याची यादी नावं वगळून दरवर्षी लोकांसमोर ठेवा. तपासणीला न आलेल्यांचा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आमची ती बाई त्याच आकड्यात होती.

शासन निर्णय निघायला वेळ लागेल, हे मला समजतं. दोन कामं त्याआधीही होऊ शकतात. खाजगीत हे ऑपरेशन करून गावी परतलेली माणसं आजच आमच्यात आहेत. त्यांची नोंद पुढच्या गृहभेटींत आशाताईंकडून करून घ्या. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या मासिक बैठकीत थायमिन, डायक्लोफेनॅक, शुगरच्या गोळ्या आणि पोटातली कळ यांवर अर्ध्या तासाचं प्रशिक्षण ठेवा, खाजगी डॉक्टरांनाही बोलवा. यवतमाळला ठेवलंत तर केळापूर, झरी-जामणी, मारेगाव आणि घाटंजीच्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना घेऊन यायची जबाबदारी मी घेतो. फक्त सोमवार ठेवू नका, त्या दिवशी दवाखान्यात फार गर्दी असते.

आपला,
केळापूर तालुक्यातला एक डॉक्टर